ससूनला जायचे तर खर्च किती?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खिडकीवर किती जाते, खिडकीबाहेर किती जाते आणि कोणता कागद किती वाचवतो, याचा हिशेब

'इथल्या डॉक्टरांनी ससूनला न्यायला सांगितलंय. किती पैसे बरोबर घेऊ?' तालुक्याच्या गावाहून असा फोन आला की दोन उत्तरे हमखास मिळतात. एक म्हणतो, 'सरकारी आहे, फुकट असतं.' दुसरा म्हणतो, 'नावाला सरकारी. बाहेरून आणून आणून पन्नास हजार कधी जातील कळणार नाही.' दोघेही खोटे बोलत नाहीत, पण कोणीच पुरते सांगत नाही. खिडकीवर भरायची रक्कम खरोखरच लहान असते. घराची घडी मोडते ती वाढलेल्या दिवसांनी: चुकलेला ओपीडीचा वार, अपुरा कागद, त्यामुळे पुढे गेलेले ऑपरेशन, वॉर्डाबाहेर बसून मजुरी बुडवणारा मुलगा. म्हणून या मार्गदर्शनात रुपयांइतकाच दिवसांचाही हिशेब मांडला आहे.

उदाहरण पुण्याच्या ससूनचे घेतले असले, तरी नागपूरचे मेडिकल आणि मेयो, संभाजीनगरची घाटी, मुंबईचे जेजे, कोल्हापूरचे सीपीआर किंवा मिरजेचे सिव्हिल येथेही कामाची रीत बरीचशी हीच आहे.

आधी पाहा, रुग्णालय कोणाचे?

'सरकारी दवाखाना' म्हणून आपण ज्याला एकच समजतो त्याचे मालक वेगवेगळे आहेत, आणि मालक बदलला की दर बदलतात. पुणे परिसरातच पाहा. औंधचे जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे. ससूनपासून जवळच मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय पुणे महापालिकेचे. पिंपरीचे वायसीएम पिंपरी-चिंचवड महापालिकेचे.

हा फरक महत्त्वाचा, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने मोफत उपचारांचा जो निर्णय लागू केला, तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी होता. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण, उपजिल्हा, स्त्री आणि जिल्हा रुग्णालये येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाखाली असल्याने त्यांचे दरपत्रक वेगळे असते. 'सगळीकडे फुकट झालंय' असे ऐकून ससूनच्या खिडकीवर आलेला माणूस पावती पाहून चिडतो, त्याचे मूळ इथे आहे.

यातून पहिली बचत निघते. साधा ताप, जखमेचे टाके, बीपी-शुगरच्या गोळ्या, नेहमीच्या रक्ततपासण्या यांसाठी पन्नास-शंभर किलोमीटर प्रवास करून ससूनला येण्यात अर्थ नाही. त्यासाठी गावाजवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय मोफत आहे आणि तिथली रांगही लहान. अलीकडे काही जिल्हा रुग्णालयांना नवी वैद्यकीय महाविद्यालये जोडली गेली आहेत. तिथे कोणते दर लागू आहेत, हे केसपेपर काढतानाच विचारून घ्यावे.

मग ससून कशासाठी?

बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये हे रुग्णालय उभे राहिले. सुरुवातीला १४४ रुग्णांची सोय होती. आज खाटा बाराशेंहून अधिक आहेत. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवडा तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींचे अपेंडिक्सचे ऑपरेशन कर्नल मॅडॉक यांनी इथेच केले. मध्येच वीज गेली आणि ते कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. १९४६ मध्ये बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि ससून त्याचे शिकवण्याचे रुग्णालय बनले.

राज्याच्या आरोग्य व्यवस्थेत अशा रुग्णालयाचे काम शेवटच्या पायरीचे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा अशा पायऱ्यांवर जे जमले नाही ते इथे येते. पुण्याबरोबर सातारा, अहिल्यानगर, सोलापूरकडचे अवघड रुग्णही येतात. डोक्याला मार, मोठे भाजणे, विषबाधा, कमी दिवसांचे बाळ, गुंतागुंतीची प्रसूती, खासगी रुग्णालयात पैसे संपल्यावर हलवलेला रुग्ण, यांतल्या कोणालाही दार बंद करण्याची मुभा या रुग्णालयाला नसते. शिवाय पोलीस केसची तपासणी, शवविच्छेदन, दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे ही कामे आहेतच.

दुसरे काम डॉक्टर घडवण्याचे. सरकारी महाविद्यालयात एमबीबीएस झालेल्या विद्यार्थ्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी, नाही तर दहा लाख रुपये भरावेत, असे बंधपत्र महाराष्ट्रात आहे. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात भेटणारा तरुण डॉक्टर बहुधा अशाच एखाद्या वॉर्डात शिकलेला असतो.

खर्चाच्या दृष्टीने यातून इतके समजून घ्यावे की इथे विशेषज्ञ, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी, सीटी-एमआरआय हे सारे एकाच आवारात मिळते, पण त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. तातडीचा रुग्ण पुढे जातो, ठरवून करायचे ऑपरेशन मागे राहते. हर्निया, मोतीबिंदू किंवा गुडघ्यासाठी आलेल्याने तारीख पुढे जाण्याची तयारी ठेवूनच यावे.

खिडकीवरचा खर्च

केसपेपरला वडापाव आणि चहाइतकेही पैसे लागत नाहीत. सामान्य वॉर्डात खाट, डॉक्टर आणि नर्सिंग मिळून जे शुल्क होते, ते खासगी रुग्णालयाच्या एका दिवसाच्या बिलाजवळही जात नाही. रुग्णाचे जेवण वॉर्डातच मिळते. त्यातल्या त्यात मोठी रक्कम सीटी स्कॅन आणि एमआरआयला लागते. तीही बाहेरच्या केंद्रापेक्षा बरीच कमी असते, पण हातात रोख असावी लागते.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, दरपत्रक नोंदणी खिडकीजवळ किंवा तपासणी विभागाबाहेर लावलेले असते. ते वाचून, पावती घेऊनच पैसे द्यावेत. पावतीशिवाय घेतलेला रुपया सरकारी शुल्क नव्हे.

दुसरी, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना, म्हणजे पिवळ्या शिधापत्रिकेला, शुल्कात माफी आहे. ती आपोआप मिळत नाही. केसपेपर काढतानाच कार्ड दाखवून पेपरवर तशी नोंद करून घ्यावी लागते. पैसे भरल्यावर कार्ड काढले, तर परताव्याच्या मागे अर्धा दिवस जातो.

तिसरी, कार्ड नाही आणि पैसेही नाहीत, असा रुग्ण असेल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात हे पद असते. शुल्क माफीची शिफारस, देणगीदार संस्थांकडून औषध-उपकरणांची मदत, बेवारस रुग्णाची सोय ही त्यांची कामे. गरजू माणूस डॉक्टरांसमोर हात जोडत राहतो आणि या खोलीकडे फिरकतच नाही, असे फार वेळा घडते.

पाच लाखांची योजना: आरोग्यमित्र कुठे बसतो?

मोठ्या उपचाराचे बिल शून्यावर आणणारी गोष्ट म्हणजे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला मिळणारे संरक्षण पूर्वी दीड लाख रुपये होते, ते आता पाच लाख आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली. पूर्वी पांढरे कार्ड म्हटले की योजनेचे दार बंद होत असे. २०२३ च्या निर्णयाने कोणत्याही रंगाची शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र असलेल्या कुटुंबांना योजनेत घेतले.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. घरात आजी-आजोबा असतील तर आजारपणाची वाट न पाहता ते काढून ठेवावे.

योजनेचे काम असे चालते. रुग्ण भरती झाला की आवारातल्या योजनेच्या कक्षात आरोग्यमित्र असतो, त्याला शिधापत्रिका, आधार आणि डॉक्टरांची शिफारस दाखवायची. तो नोंदणी करतो, रुग्णालय उपचाराला पूर्वमंजुरी मागते आणि मंजुरी आली की ऑपरेशन होते. तातडीच्या वेळी आधी मंजुरी आणि मागून कागद, अशीही सोय आहे. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधे, इम्प्लांट, रुग्णाचे जेवण, घरी परतण्याचे एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे आणि सुटी झाल्यावर दहा दिवसांचा पाठपुरावा धरलेला असतो. हे परतीचे भाडे फारसे कोणी मागत नाही. मागावे.

योजनेच्या मर्यादाही माहीत हव्यात. ओपीडीतला औषधोपचार तिच्यात येत नाही. यादीत नसलेला आजार बसत नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यामुळे खासगी रुग्णालयाने 'हे योजनेत होत नाही' म्हटले तरी ससूनमध्ये तेच योजनेतून होऊ शकते. शंका असेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या योजनेच्या क्रमांकांवर घरूनच विचारता येते.

मंजुरी बहुधा अडते ती नावावर. शिधापत्रिकेत 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब' असले, नव्या सुनेचे नाव कार्डावर चढवलेले नसले किंवा कार्डाची ऑनलाइन नोंद नसली, की फेऱ्या सुरू होतात. ही दुरुस्ती तहसील कार्यालयात आधीच करून घेणे, हा या लेखातला सर्वांत जास्त पैसे वाचवणारा सल्ला आहे.

जिथे खिशात हात घालायची गरज नाही

प्रसूती: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूती नैसर्गिक होवो वा सिझेरियनने, औषधे, तपासण्या, लागले तर रक्त, घरून येणे आणि घरी जाणे, सारे मोफत. आईचे जेवण नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस. बाळ आजारी पडले तर एक वर्षापर्यंत त्याचेही उपचार. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या मातांना ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. त्यासाठी आईच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते लागते.

जन्मदाखला: रुग्णालयातील जन्माची खबर रुग्णालयच देते. नोंद वेळेत झाली की दाखल्याची पहिली प्रत विनामूल्य. आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग सुटीच्या आधी तपासावे. पुढची दुरुस्ती म्हणजे फेऱ्यांना आमंत्रण.

क्षयरोग आणि एचआयव्ही: औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये खात्यात मिळतात.

रुग्णवाहिका: राज्यात २०१४ पासून धावणारी १०८ मोफत आहे. ती तातडीच्या रुग्णासाठी आणि डॉक्टरांनी वरच्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णासाठी. सुटी झालेल्याला घरी सोडणे हे तिचे काम नव्हे. माता आणि नवजात बाळासाठी १०२ आहे.

'बाहेरून आणा' म्हटले तर

लोकांच्या तक्रारी सर्वाधिक असतात त्या इथे. रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये औषध नसते, डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि नातेवाईक समोरच्या मेडिकलकडे धावतो. अशा वेळी पुढच्या क्रमाने जावे.

चिठ्ठी हातात आली की सिस्टरना विचारा, 'स्टोअरला नाही का? दुसऱ्या कंपनीचं चालेल का?' रुग्ण योजनेत असेल तर थेट आरोग्यमित्राकडे जा, कारण पॅकेजमधले औषध तुम्ही विकत आणणे अपेक्षितच नाही. योजनेत नसाल तर चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात पाहा. तीनशेची गोळ्यांची पाकिटे तिथे काही वेळा साठ-सत्तर रुपयांत मिळतात. आणलेल्या प्रत्येक गोष्टीचे बिल ठेवा. वापरले गेले नाही ते सीलबंद असताना परत करा.

इम्प्लांट योजनेबाहेर घ्यावे लागले, तर हृदयाच्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या सांध्याच्या कमाल किमती २०१७ पासून केंद्राने बांधून दिल्या आहेत, हे विक्रेत्याला माहीत असते. तुम्हालाही माहीत आहे, एवढे बोलण्यातून कळू द्यावे. बिलावर कंपनी, मॉडेल आणि बॅच क्रमांक असलाच पाहिजे.

रक्त विकत मिळत नाही. पैसे लागतात ते तपासणी आणि प्रक्रियेचे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार संपूर्ण रक्त किंवा लाल पेशींच्या एका पिशवीला सरकारी रक्तपेढीत जास्तीत जास्त १,१०० आणि खासगी रक्तपेढीत १,५५० रुपये घेता येतात. प्लाझ्मा किंवा प्लेटलेटसाठी हेच आकडे ३०० आणि ४००. काही विशेष चाचण्यांचे पैसे वेगळे पडू शकतात. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचे आहे. रक्तपेढीबाहेर 'डोनर देतो, इतके द्या' म्हणणारा भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

तसाच दलाल कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात भेटू शकतो. 'एमआरआयचा नंबर लावून देतो', 'सर्टिफिकेट करून देतो' ही त्याची वाक्ये. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना किंवा बाळ हातात देणाऱ्या मावशींना खुशी देण्याची पद्धत आहे, पण तो दर नव्हे. कोणी अडवून पैसे मागितले तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

मुक्काम, प्रवास, बुडालेली मजुरी

आता त्या पन्नास हजारांकडे येऊ. समजा, मांडीचे हाड मोडलेला एक मजूर योजनेतून ऑपरेशन करून घेतो. वॉर्डात बारा दिवस राहतो. मुलगा सोबत. दोघांची रोजची मजुरी प्रत्येकी ६०० रुपये धरू.

• मुलाची बुडालेली मजुरी: १२ दिवस × ६०० = ७,२००
• मुलाचे खाणे-पिणे: १२ दिवस × २०० = २,४००
• येणे-जाणे आणि घरच्यांच्या फेऱ्या: १,५००
• झेरॉक्स, रिचार्ज, बेडपॅन, चादर, किरकोळ: १,०००
• रुग्णाची स्वतःची मजुरी, तीन महिने, महिन्याला २५ दिवस: ७५ × ६०० = ४५,०००

बेरीज ५७,१००. खिडकीवर यातला एक रुपयाही गेलेला नाही. कार्डावरच्या नावाच्या घोळामुळे ऑपरेशन दोन दिवस लांबले, तर फक्त मुलाच्या मजुरीचे आणि जेवणाचे आणखी १,६०० रुपये गेले. म्हणून दिवस वाचवण्याचे उपाय पाहू.

ओपीडीचा वार चुकवू नका. शिकवण्याच्या रुग्णालयात प्रत्येक विभागाचे 'युनिट' असते आणि युनिटचे वार ठरलेले. तुम्हाला पहिल्यांदा ज्या युनिटने पाहिले, त्याच्याच वारी परत जायचे. केसपेपरवर युनिट आणि वार लिहिलेला असतो. मंगळवारचा पेशंट गुरुवारी आला तर दिवस वाया. ओपीडी सकाळची, रविवारी आणि सुटीला बंद. अपघात विभाग मात्र चोवीस तास उघडा.

पुण्यातल्या पुण्यात रिक्षावर खर्च करू नका. ससून पुणे स्टेशनला लागूनच आहे. रेल्वेने येणाऱ्याने चालत यावे. स्वारगेटला उतरणाऱ्याला मेट्रो आहे, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून पुणे रेल्वे स्टेशनला उतरायचे. वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्थानकावर उतरणाऱ्याला पीएमपीची बस सोयीची. एसटीत महिलांना निम्मे तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि ७५ वर्षांपुढे मोफत. कर्करोग, डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना एसटी आणि रेल्वे दोन्हींत सवलती आहेत. त्यासाठीचा नमुना रुग्णालयातूनच भरून, शिक्का मारून घ्यावा लागतो. तो सुटीच्या दिवशी नव्हे, भरती असतानाच घ्यावा.

वॉर्डात सहसा एकाच नातेवाइकाला पास मिळतो. चौघांनी येऊन तिघांनी आवारात बसण्यापेक्षा दोघांनी दोन-तीन दिवसांच्या पाळ्या लावाव्यात. मुंबईत दादरला गाडगे महाराज धर्मशाळेसारखी रुग्णांच्या नातेवाइकांची जागा आहे. इतर शहरांत अशा सोयींचा पत्ता समाजसेवा अधीक्षकांकडे मिळतो. शिवभोजन केंद्र जवळ चालू असेल तर दहा रुपयांत थाळी मिळते.

रुग्ण कारखान्यात कामाला असून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर आजारपणाच्या रजेत वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. वरच्या हिशेबातली सर्वांत मोठी ओळ यानेच आटोक्यात येते. त्यासाठी प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांमार्फत लागते, म्हणून भरती होताच तिकडे कळवावे.

शिकाऊ डॉक्टर आणि तुमचे हक्क

इथे तुमची तपासणी एकाच डॉक्टरने होत नाही. आधी आंतरवासिता करणारा, मग निवासी डॉक्टर, मग सहयोगी प्राध्यापक, आणि राऊंडला आले की विद्यार्थ्यांचा घोळका. एकच प्रश्न चार वेळा विचारला जातो. कंटाळा येतो, पण चौथ्यांदा सांगताना आठवलेली गोष्ट निदान फिरवू शकते, म्हणून उत्तर द्यावे. विद्यार्थ्यांसमोर तपासणी नको असेल तर नाही म्हणता येते. स्त्री रुग्णाला तपासताना स्त्री कर्मचारी हजर हवी, असा आग्रह धरता येतो. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत समजावून घेता येते. उपचाराच्या कागदांची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवी. दुसरीकडे मत घ्यायचे असेल तर ही प्रत सर्व तपासण्या पुन्हा करण्याचा खर्च वाचवते.

ससूनमध्ये जमले नाही तर

खाट नाही, यंत्र बंद आहे, तारीख लांबची आहे, असे होऊ शकते. त्यावेळी कर्ज काढण्याआधी तीन दारे ठोठवावीत.

धर्मादाय रुग्णालये: सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नमर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटावे. तातडीच्या रुग्णाकडे आधी अनामत मागता येत नाही.

मुख्यमंत्री सहायता निधी: ठराविक गंभीर आजारांसाठी मदत मिळते आणि पैसे थेट रुग्णालयाला जातात. खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्न दाखला, तपासण्यांचे अहवाल लागतात. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही कक्ष आहे. अर्ज उपचार चालू असतानाच करावा, बिल भरून झाल्यावर नव्हे.

महापालिका: पुणे महापालिका हद्दीतल्या गरीब कुटुंबांसाठी शहरी गरीब योजना आहे. ती पालिकेच्या आरोग्य विभागातून चालते.

निघण्याआधी आणि सुटीच्या दिवशी

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये हे ठेवा: शिधापत्रिका, रुग्णाचे आणि कुटुंबप्रमुखाचे आधार, आयुष्मान किंवा वय वंदना कार्ड, बँक पासबुक, खालच्या रुग्णालयाची रेफर चिठ्ठी, जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, चालू गोळ्यांची पाकिटे, आणि प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. पेपर काढताना जो मोबाइल क्रमांक द्याल तो सोबत राहणाऱ्याच्या हातातला असू द्या.

रोख पाच हजारांच्या आसपास पुरते. सीटी-एमआरआय योजनेबाहेर पडला तर आणि मुक्कामाचे पहिले दिवस निघावेत एवढा त्याचा उपयोग. अधिक रक्कम उशाशी बाळगू नका, खात्यात ठेवा.

सुटी मिळाली की घाईने एसटी गाठू नका. डिस्चार्ज कार्डावर निदान, केलेले ऑपरेशन, गोळ्या आणि पुढची तारीख आहे का, ते वाचून घ्या. योजनेतली औषधे आणि परतीचे भाडे मागून घ्या. मग निवासी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: 'टाके काढायला, ड्रेसिंगला, साध्या रक्ततपासणीला इथेच यावं लागेल, की आमच्या ग्रामीण रुग्णालयात चालेल?' बऱ्याच वेळा तिथे चालते, आणि तिथे ते मोफत आहे. तसे कार्डावर लिहून घ्या. पुण्याच्या चार फेऱ्यांपैकी तीन त्या एका ओळीने वाचतात.